कनेक्शन धरून नक्की कोण बसलंय?

पतसंस्थेचं सॉफ्टवेअर दिवसभर निवांत असतं. सकाळी कॅशियर रोख उघडतो, दुपारपर्यंत चार-दोन कर्जप्रकरणं, मुदत ठेवीच्या पावत्या, एखादं सोनेतारण. खरी झुंबड संध्याकाळी साडेसहानंतर. पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरून पन्नास-शंभर रुपये गोळा करतात आणि शाखेत आले की मोबाइलमधली दिवसभराची वसुली एका दमात सिंक करतात. एकेका एजंटाकडे दीड-दीडशे खाती, आणि सगळ्या शाखांचे एजंट त्याच तासाभरात. नेमकं त्याच तासात आमचं ॲप्लिकेशन आडवं पडायचं.

ही सिस्टिम देखभालीसाठी आमच्याकडे आली तेव्हा मूळ लिहिणारी टीम केव्हाच पांगली होती. जावा भाषा, तिच्यावरचं स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, ॲप्लिकेशनचे तीन सर्व्हर. हँडओव्हरच्या वर्ड फाइलमध्ये एक ओळ होती : ‘संध्याकाळी हँग झाल्यास सर्व्हर रिस्टार्ट करावा.’ ती ओळ इमानेइतबारे पाळली जात होती. शाखेतून मॅडमचा फोन यायचा, ‘‘अहो, परत ते गोल गोल फिरतंय.’’ इकडून कुणीतरी रिस्टार्ट मारायचं. पाच-दहा मिनिटं बरी जायची. परत फोन.

मुळाशी जायचं तर आधी सगळी सिस्टिम आपल्या मशीनवर उभी करून टेस्ट सर्व्हरच्या डेटाबेसला जोडायला हवी. माझ्याबरोबर नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला एक मुलगा होता. तासाभरात तो माझ्या टेबलाशी.

‘‘मॅडम, डेटाबेस कनेक्ट होत नाहीये.’’

‘‘काय म्हणतोय?’’

‘‘एरर देतोय.’’

हा संवाद मी इतक्या जणांबरोबर केलाय की पुढचा प्रश्न तोंडपाठ आहे : ‘‘अरे, पण कोणती?’’ कारण कनेक्शनच्या एररचा शब्दन्‌शब्द महत्त्वाचा असतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर आनंद मानावा. समोरच्या मशीनपर्यंत आपण पोचलोय, तिथून उत्तरही आलंय, फक्त त्या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दाराशी, ऐकणारं कुणी नाही. एक तर पोस्टग्रेस बंद आहे, किंवा पोर्ट ५४३२ नसून दुसराच आहे, किंवा पोस्टग्रेस फक्त स्वतःच्या मशीनपुरतं ऐकतंय. शेवटची शक्यता ताज्या इन्स्टॉलेशनवर हमखास असते, कारण ‘लिसन_ॲड्रेसेस’ या सेटिंगची मूळ किंमतच लोकलहोस्ट आहे. ती बदलली की रिस्टार्ट द्यावा लागतो; नुसतं रीलोड करून भागत नाही.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ मात्र वेगळी जात. तिथे आपली डेटाची पाकिटं जातात आणि कुणी हूं की चूं करत नाही. नव्वद टक्के वेळा मध्ये फायरवॉल असते, किंवा आयपी चुकलेला असतो. अशा वेळी पिंग करून ‘‘मशीन तर चालू आहे’’ असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पिंगचा आणि पोर्टचा काही संबंध नाही. टेलनेट किंवा नेटकॅट घेऊन त्या पोर्टवरच टकटक करायची, आणि तीही आपल्या लॅपटॉपवरून न करता जिथे ॲप्लिकेशन चालणार आहे त्या मशीनवरून.

आणि ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ आलं, की नेटवर्कवाल्यांना फोन करायचं बंद. नेटवर्क उत्तम चाललंय, घोडं पुढे अडलंय.

आमच्या मुलाला यातलं काहीच नव्हे, चौथंच काहीतरी आलं होतं : ‘नो पीजी_एचबीए डॉट कॉन्फ एंट्री फॉर होस्ट’. पोस्टग्रेसमध्ये कुणी कुठून कोणत्या डेटाबेसला यायचं याची यादी त्या फाइलमध्ये असते. ती वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते. त्या ओळीने नाकारलं तर खालच्या ओळींकडे कुणी बघतही नाही. म्हणून ‘‘मी शेवटी ओळ टाकली तरी चालत नाही’’ ही तक्रार इतकी ऐकू येते. या एररचा मोठा गुण म्हणजे आपण कोणत्या आयपीवरून, कोणत्या युजरने, कोणत्या डेटाबेसकडे आलो ते ती स्पष्ट सांगते. त्याने फाइलमध्ये स्वतःच्या लॅपटॉपचा आयपी टाकला होता आणि एररमध्ये व्हीपीएनचा आयपी दिसत होता. ओळ दुरुस्त केली, रीलोड केलं, चाललं.

मग त्याने तेच डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या बंद डब्यात, टाकलं आणि परत ‘रिफ्यूज्ड’. कंटेनरच्या आतला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. पोस्टग्रेस शेजारच्या कंटेनरमध्ये. कंपोज फाइलमधलं सर्व्हिसचं नाव होस्ट म्हणून टाकायचं, संपलं.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. रात्रीचा अहवाल काढणारी एक पायथॉनची स्क्रिप्ट होती. तिचा पासवर्ड कुणीतरी गणपती@१२३ असा काहीतरी ठेवलेला. स्क्रिप्ट म्हणायची, ‘कुड नॉट ट्रान्सलेट होस्ट नेम’, आणि पुढे होस्टचं नाव म्हणून १२३@ आणि मग खरा आयपी. यूआरएलमध्ये ‘ॲट’च्या चिन्हानंतर होस्ट सुरू होतो, त्यामुळे पासवर्डची शेपटी होस्टला चिकटली होती. पासवर्डमधलं ते चिन्ह टक्क्याचं चिन्ह आणि ४० असं लिहावं लागतं. नाव ट्रान्सलेट होत नाही म्हणजे डीएनएसचा, नावावरून आयपी शोधणाऱ्या यंत्रणेचा, घोळ, असं समजून मुलगा राउटरच्या सेटिंगपर्यंत पोचला होता. एररमधलं नाव मी त्याला मोठ्याने वाचायला लावलं, तेव्हा तो स्वतःच हसला.

आता संध्याकाळचं दुखणं. लॉगमध्ये शेकडो वेळा एकच ओळ : ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३०००० मिलिसेकंद’. ही ओळ पोस्टग्रेसची नव्हे, हे आधी समजून घ्यायला हवं. ती हायकारीची आहे, म्हणजे ॲप्लिकेशनच्या पोटातल्या कनेक्शन पूलची. स्प्रिंग बूटमध्ये काही सांगितलं नाही तर हायकारी दहा कनेक्शन उघडून ठेवतं, मागेल त्याला देतं, काम झालं की परत घेतं. दहाही बाहेर असली तर अकरावा तीस सेकंद थांबतो आणि मग ही एरर घेऊन परततो. बिचारा डेटाबेस त्या वेळी हात जोडून रिकामा बसलेला असू शकतो.

आधीच्या टीमने यावर जगभर करतात तोच उपाय केला होता. पूल दहाचा पन्नास केला. तीन सर्व्हर, प्रत्येकी पन्नास, म्हणजे दीडशे. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००. मग दुसरी एरर यायला लागली, आणि ही मात्र खरोखर पोस्टग्रेसची : ‘फेटल : सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. इतकी सभ्य एरर क्वचितच भेटते. त्यावर त्यांनी मर्यादाही दीडशे केली. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे सर्व्हरवरची एक स्वतंत्र प्रोसेस असते, तिला मेमरी लागते, आणि चार कोअरच्या मशीनवर दीडशे प्रोसेस उभ्या राहिल्या की त्या एकमेकींच्या पायांत पाय घालतात. हायकारीच्या माहितीपानांवर पोस्टग्रेसवाल्यांकडून घेतलेलं एक सूत्र दिलंय : कोअरची दुप्पट अधिक डिस्कची संख्या. चार कोअरला नऊ-दहा. लोकांना हे खोटं वाटतं. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

पूल वाढवून फोन थांबले नव्हते, हे महत्त्वाचं. उलट आता सर्व्हर रिस्टार्ट व्हायलाही वेळ लागायचा.

म्हणून ठरवलं की काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचं. संध्याकाळी सव्वासहाला पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसला थेट प्रश्न विचारायची खिडकी, उघडून बसलो. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ नावाचा एक व्ह्यू आहे. आत्ता या क्षणी डेटाबेसशी कोण जोडलेलं आहे, कोणत्या मशीनवरून, काय करतंय, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द होणारे बदल) केव्हा सुरू झालं, कशासाठी थांबलंय, सगळं त्यात ओळीने दिसतं. हे इतकं हाताशी असताना लोक आधी कॉन्फिग फाइल का उघडतात, हे कोडं मला सुटलेलं नाही.

पहिल्या संध्याकाळी मात्र आम्हालाच आत जाता येईना. मर्यादा गाठली गेली होती. खरं तर पोस्टग्रेस सुपरयुजरसाठी तीन जागा राखून ठेवतं, ती याच प्रसंगासाठी. पण आमचं ॲप्लिकेशनच ‘पोस्टग्रेस’ या सुपरयुजरच्या नावाने लॉगिन करत होतं, त्यामुळे त्या तीन जागाही त्यानेच खाल्ल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ॲप्लिकेशनसाठी वेगळा साधा युजर केला, लागेल तेवढेच हक्क दिले. सुरक्षेच्या दृष्टीनेही ते कधीच व्हायला हवं होतं, पण आम्ही ते केलं केवळ दार उघडं राहावं म्हणून.

त्या संध्याकाळी चित्र दिसलं. वरच्या काही ओळींची स्थिती होती ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडलंय, शेवटची क्वेरी संपलीय, आणि डेटाबेस पुढच्या हुकमाची वाट बघत बसलाय. थांबण्याचं कारण ‘क्लायंट रीड’. बँकेच्या काउंटरवर पासबुक टेकवून मोबाइलवर गप्पा मारत उभा राहिलेला माणूस असतो ना, तसं. बाकीच्या सगळ्या ओळींवर मात्र ‘ॲक्टिव्ह’ लिहिलेलं. मुलगा म्हणाला, ‘‘हे तर काम करतायत.’’ शेजारचा रकाना दाखवला : थांबण्याचा प्रकार, ‘लॉक’. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे क्वेरी सुरू आहे इतकंच. ती पुढे सरकते आहे की दुसऱ्याच्या पाठीमागे रांगेत उभी आहे, ते त्या शब्दावरून कळत नाही. ‘पीजी_ब्लॉकिंग_पिड्स’ या फंक्शनला एकेकाचा प्रोसेस क्रमांक दिला, की तो कुणामुळे अडलाय ते मिळतं. साखळी धरून मागे गेलं की सगळी बोटं शेवटी त्या वरच्या काही ओळींकडे.

रांगेतल्यांची क्वेरी बघितली. सगळ्यांची एकच : शाखेच्या आजच्या रोजकिर्दीची एकूण जमा वाढवा. प्रत्येक शाखेची दिवसाला एक ओळ, आणि त्या शाखेतल्या प्रत्येक पावतीगणिक ती ओळ अपडेट. एकाने अपडेट केली की त्याचं ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत ती ओळ त्याच्या नावावर कुलूपबंद. हे पोस्टग्रेसचं चुकत नाही; पैशाच्या हिशेबात असंच व्हायला हवं. प्रश्न एवढाच की पुढचा माणूस कुलूप लावून गेलाय कुठे?

त्यासाठी ॲप्लिकेशन सर्व्हरवर जेस्टॅकने थ्रेड डंप काढला. जावाच्या प्रत्येक थ्रेडचं त्या क्षणी कोणत्या ओळीवर काय चाललंय ते त्यात मिळतं. एकापाठोपाठ एक थ्रेड सॉकेटवर उत्तराची वाट बघताना अडकलेले, आणि खाली उतरत गेलं की मेथडचं नाव : एसएमएस पाठवा. अजून खाली : पिग्मी पावती जमा करा. त्या मेथडच्या डोक्यावर ‘ट्रान्झॅक्शनल’ अशी खूण, म्हणजे आतलं सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. पावती लिहा, खात्याची बाकी वाढवा, रोजकीर्द वाढवा, सभासदाला ‘आपले १०० रु. जमा झाले’ असा एसएमएस पाठवा, आणि मग कमिट, म्हणजे सगळं पक्कं. एसएमएस देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर दुपारी चटकन उत्तर द्यायचा, संध्याकाळी दोन-तीन सेकंद घ्यायचा, कधी द्यायचाच नाही. वर त्या सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्या स्प्रिंगच्या रेस्टटेम्प्लेटला वेळेची मर्यादा घातलेली नव्हती. ती आपणहून येत नाही, मूळ स्वरूपात तो उत्तराची अनंतकाळ वाट बघतो.

हिशेब कागदावर मांडला तेव्हा आधीचे सगळे उपाय का फसले ते उघड झालं. एसएमएसशिवाय ही पावती साधारण ४० मिलिसेकंदांत होते. दहा कनेक्शनच्या पूलमधून सेकंदाला अडीचशे पावत्या निघायला हव्यात. सगळ्या शाखांचे एजंट एकदम आले तरी पुरून उरतील. एसएमएससाठी तीन सेकंद धरलं तर त्याच पूलमधून सेकंदाला जेमतेम तीन. मग वाटतं की पूल पन्नास केला तर पंधरा-सोळा होतील. ते होत नाहीत, कारण रोजकिर्दीच्या कुलपामुळे एका शाखेची एका वेळी एकच पावती पुढे जाते. दीडशे खात्यांचा एक एजंट म्हणजे साडेसात मिनिटं. त्याच शाखेतला दुसरा एजंट त्याच रांगेत. पूल कितीही वाढवा, वाढतात ते फक्त रांगेत उभे राहणारे. शाखेतल्या मॅडम म्हणायच्या, ‘‘एकाचं सिंक झाल्याशिवाय दुसऱ्याचं होतच नाही.’’ त्यांनी पहिल्याच दिवशी अचूक निदान सांगितलं होतं; आमच्यात कुणी ते निदान म्हणून ऐकलं नव्हतं.

दुरुस्ती म्हणजे एसएमएस कमिटच्या बाहेर काढायचा. स्प्रिंगमध्ये यासाठी ‘कमिटनंतर’ चालणारा इव्हेंट लिसनर मिळतो आणि मुलाने उत्साहाने तोच लावला. ट्रान्झॅक्शन लवकर सुटायला लागलं, रोजकिर्दीची रांग गेली, पण पूल तरीही रिकामा व्हायचा. हा भाग फारसा कुणी सांगत नाही : तो लिसनर त्याच थ्रेडवर चालतो आणि तो संपल्यावरच कनेक्शन पूलमध्ये परत जातं. म्हणजे कुलूप सुटलं, पण कनेक्शन हातातच. शेवटी एक टेबल केलं, ‘पाठवायचे एसएमएस’. पावतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्यात एक ओळ पडते, त्यामुळे पावती रद्द झाली तर एसएमएसही रद्द. दर काही सेकंदांनी एक वेगळं काम येतं आणि ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ लावून थोड्या ओळी उचलतं. तीन सर्व्हरवर तीन कामं एकदम चालली तरी एकच ओळ दोघांच्या हाती लागत नाही. एकाने धरलेली ओळ दुसरा ओलांडून पुढे जातो. उचलल्याची खूण करून तिथेच कमिट, मग एसएमएस, मग निकालाची नोंद. कमिट न करता तसंच पाठवत बसलं असतं तर जुनाच आजार नव्या टेबलात आला असता.

रोजकिर्दीचं अपडेट ट्रान्झॅक्शनच्या अगदी शेवटी ढकललं, म्हणजे कुलूप क्षणभरच. रेस्टटेम्प्लेटला पाच सेकंदांची मर्यादा. पूल परत दहावर, पोस्टग्रेसची मर्यादा परत शंभरवर.

त्यानंतरही आठवड्यातून एखादं कनेक्शन गहाळ व्हायचं. हायकारीत ‘लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड’ नावाची सेटिंग आहे, मुळात बंद असते. वीस सेकंद दिले. ज्याने कनेक्शन नेलं आणि वेळेत परत केलं नाही, त्याचा पत्ता लॉगमध्ये ओळीसकट येतो. पत्ता निघाला थकबाकी अहवालाचा. तिथे डेटाबेसशी थेट बोलणारा, हाताने लिहिलेला जेडीबीसी कोड होता, क्लोज शेवटच्या ओळीवर, आणि मधे कुठे एक्सेप्शन आलं की ती ओळ गाठलीच जात नव्हती. जावा ७ मध्ये, २०११ साली आलेलं, आपोआप क्लोज करणारं ट्राय-विथ-रिसोर्सेस तिथे अजून पोचलं नव्हतं. शिवाय ॲप्लिकेशनच्या युजरपुरती ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ची एक मिनिटाची मर्यादा पोस्टग्रेसमध्येच घातली. सगळ्या डेटाबेसला घातली नाही, कारण डे-एंडचं काम कधीकधी मधे थांबतं आणि ते वेगळ्या युजरने चालतं.

आणखी एक तक्रार होती, दुपारच्या सुट्टीनंतरची पहिली पावती अडकायची; ते प्रकरण अगदीच छोटं निघालं. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यामधली फायरवॉल काही मिनिटं शांत असलेली कनेक्शनं गुपचूप टाकून देते. दोन्ही टोकांना पत्ता नसतो. हायकारी देण्याआधी तपासून बघतं, मेलेल्या प्रत्येकामागे पाच सेकंद घालवतं. शांत कनेक्शन अधूनमधून जागं करणाऱ्या कीप-अलाइव्हची वेळ फायरवॉलच्या वेळेपेक्षा कमी केली.

हे सगळं मिटल्यावर शाखेतून वेगळीच तक्रार आली. ‘‘कऱ्हाडे नावाचे सभासद समोर बसलेत, पासबुक हातात आहे, आणि कॉम्प्युटर म्हणतो असं कुणी नाही.’’ खातेक्रमांक घातला की सापडत होते. नावाने नाही.

स्क्रीनवर दोन्ही नावं शेजारी ठेवली, फरक दिसेना. बाइट काढून बघितले तेव्हा दिसला. अर्ध्या र चा तो आडवा फराटा युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ०९३१ क्रमांकाचा ऱ, त्याला हलन्त, मग ह. दुसरी म्हणजे ०९३० चा साधा र, हलन्त, त्यानंतर न दिसणारा ‘झिरो विड्थ जॉइनर’, मग ह. कागदावर, स्क्रीनवर दोन्ही सारखेच. पण पोस्टग्रेसमध्ये नेहमीच्या कोलेशनखाली (मजकूर ताडून बघायच्या नियमांखाली) दोन मजकूर समान ठरतात ते बाइट सारखे असले तरच. जुना डेटा पूर्वीच्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना कन्व्हर्टरने दुसरी तऱ्हा वापरली होती; शाखेतला आजचा कीबोर्ड पहिली देतो. गोऱ्हे, वऱ्हाडे, कुऱ्हाडे, ‘दुसऱ्या’ गल्लीतले पत्ते, सगळेच गायब. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, पण ते इथे उपयोगी नाही. र आणि खाली नुक्ता असं असेल तर ते त्याचा ऱ करतं, जॉइनरवाली तऱ्हा मात्र तशीच ठेवतं, कारण युनिकोडच्या नियमांत ही दोन एकच मानलेली नाहीत. म्हणून साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे बदलून घेणारं एक छोटं फंक्शन लिहिलं, आणि जुन्या नोंदीही त्या फंक्शनमधून फिरवून घेतल्या. मूळ नाव ज्या रकान्यात होतं तो हातही न लावता ठेवला. शोधासाठी दुसरा रकाना केला. सभासदाच्या नावाशी खेळ नको.

त्याच ओघात अंकांचंही निघालं. खातेक्रमांक मराठी अंकांत टाइप केला तर काही पडद्यांवर चालायचा, काहींवर एरर. जावाचं पार्सइंट हे फंक्शन देवनागरीतलं १२३ही बिनबोभाट वाचतं. पोस्टग्रेसला तोच मजकूर पूर्णांक करायला दिला तर ‘इनव्हॅलिड इनपुट सिंटॅक्स’. जिथे जावातून आकडा होऊन जायचा तिथे चाललं, जिथे मजकूर सरळ क्वेरीत जायचा तिथे अडलं. सरळ क्वेरीत मजकूर चिकटवणं हे त्या पडद्यांचं त्याहून मोठं पाप होतं. तेवढ्या निमित्ताने ते सगळे पॅरामीटरवर, म्हणजे मजकूर क्वेरीपासून वेगळा पाठवण्यावर, आणले.

‘‘सगळी नावं भलतीच चिन्हं झाली’’ असाही फोन यायचा. त्यातल्या बहुतेकांत डेटाबेस ठणठणीत असायचा आणि सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडलेली असायची. फाइलच्या सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे फाइल युनिकोडमध्ये आहे असं सांगणारे, तीन बाइट घातले, फोन थांबले.

मार्चअखेरची संध्याकाळ आली तेव्हा एसएमएसवाल्यांचा सर्व्हर बराच वेळ बंद होता. पिग्मीची वसुली सरळ आत गेली, ‘पाठवायचे एसएमएस’ टेबल फुगत गेलं आणि रात्री उशिरा रिकामं झालं. सकाळी सभासदांच्या तक्रारी : रात्री साडेअकराला पैसे जमा झाल्याचा मेसेज कसा? एजंट तर पाचला येऊन गेला. तक्रार रास्त होती. मेसेजमध्ये पावतीची तारीख-वेळ घालायची ठरली. पण मराठी एसएमएस सत्तर अक्षरांचा, आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. वेळ घातली की मजकूर सत्तरच्या पुढे जाऊन दोन मेसेजचे पैसे लागणार. संस्थेचं लांबलचक नाव छाटून बसवलं. आता तो बदललेला मजकूर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे एसएमएसचे मजकूर नोंदवायच्या यंत्रणेवर, मंजूर व्हायला दिलाय. कोड तयार आहे, टेस्ट झालाय, टेम्प्लेट ‘पेंडिंग’ दाखवतंय.